सरळ भोंगा

आमच्या घरातली युद्धाची तयारी फ्रिजच्या दारावर झाली. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि आयुष्यभर रजिस्टरं लिहीत आले आहे, त्यामुळे यादी केल्याशिवाय हिला शिंकसुद्धा येत नाही, असं आमचे हे पाहुण्यांना सांगतात. ते खोटं आहे. शिंक येते, फक्त नंतर मी ती नोंदवून ठेवते.

त्या मे महिन्यात सीमेवर ताणाताणी चालली होती. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि त्यावर लाल बाण. सोलापूर त्या बाणांपासून इतकं लांब की आम्ही आधी ते नुसतं बघत बसलो. आमची जवळची सीमा म्हणजे कर्नाटकाची, आणि तिकडून आमच्यावर आजवर फक्त नातेवाईक चालून आलेले आहेत. पण मग कळलं की आपल्या गावातही सराव होणार. दुपारी चारला भोंगा, संध्याकाळी आठला पंधरा मिनिटं दिवे बंद. एक पत्रक सगळीकडे फिरलं. हवाई हल्ला झाल्यास घरात काय करावं, अठरा सूचना. शाळेला सुट्टी, हातात वेळ आणि समोर अठरा सूचना! मी पदर खोचला.

पहिली सूचना होती, किमान तीन दिवसांचं पाणी साठवून ठेवावं. ही वाचून गल्लीत जो हशा पिकला तो सरकारला ऐकू गेला नाही हे बरं झालं. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, कधी पाचव्या दिवशी, कधी येणार म्हणून येतच नाही. अंगणात हौद, मोरीत दोन बॅरल, स्वयंपाकघरात घागरी, आणि पलंगाखाली बाटल्या. शेजारची अक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिला मी सूचना वाचून दाखवली तर म्हणाली, "वैनी, तीन दिवस? मग चौथ्या दिवशी काय करायचं म्हनतेत ते?"

दुसरी सूचना कोरड्या खाण्याची. त्यातही आमचं गाव जन्मजात तयार. ज्वारीची पापडासारखी पातळ कडक भाकरी महिनाभर डब्यात राहते, शेंगाची चटणी तिच्याहून जास्त. मी एका पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड, चटणीची बरणी, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, मीठ-साखरेच्या पुड्या, मामांच्या गोळ्या आणि सगळ्यांची आधार कार्डं भरली. पिशवीवर मार्करनं लिहिलं, 'आपत्कालीन'. आमचे हे म्हणाले, "बाई, हल्ला झालाच तर शत्रू ही पिशवी घेऊनच पळणार."

तिसऱ्या सूचनेत मात्र माझं चुकलं. 'खिडक्या जाड कापडाने झाकाव्यात.' सोलापुरात जाड कापड विचारायचं कुणाला? पाहुण्यांना द्यायला म्हणून आम्ही चादरी घेतो, त्यांच्याही घरी त्या आधीच थप्पीनं असतात, आणि मग त्या आमच्याच कपाटात राहतात. अकरा निघाल्या. सरावाच्या दोन दिवस आधीच मी सगळ्या खिडक्यांना दोन दोन चादरी खिळ्यांनी ठोकल्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. संध्याकाळी हे कारखान्यातून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "भट्टीवर काम करून आलो, मला वाटलं घरी जातोय."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"दोन दिवसांत आपण शिजून निघू. वरून बॉम्ब टाकायची गरजच नाही."

मी चादरी काढल्या नाहीत. फक्त खालची टोकं थोडी वर गुंडाळली. माघार नव्हे, फेररचना.

हे सगळं मी हसत लिहिते आहे, पण त्या दिवसांत माझी झोप उडवणारी गोष्ट यादीत कुठेच नव्हती. ती गोष्ट म्हणजे माझे सासरे, हे त्यांना आण्णा म्हणतात, मी मामा म्हणते.

मामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. तरणेपणी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीहून आले आणि इथल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात लागले. साचे म्हणजे माग. चार साचे एकटा माणूस सांभाळायचा, असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांचे हात आपोआप पुढे होऊन तुटलेला धागा गाठतात. गिरणी बंद पडूनही पिढी उलटली. मामांचं डोकं सकाळी अगदी साफ असतं, पेपर वाचून पुढाऱ्यांना शिव्या देण्याइतकं. दुपारी झोपून उठले की मात्र थोडा वेळ ते कुठल्या सालात उठतील याचा नेम नसतो.

त्यांच्या सगळ्या आयुष्याला दोरी होती ती गिरणीच्या भोंग्याची. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की निघायचं, भोंगा झाला की फाटकात असायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तेव्हा सांगायच्या की लग्नात अक्षता पडायच्या वेळेला भोंगा झाला आणि नवरदेव पाटावरून अर्धा उठला होता.

आदल्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये आगीचा भोंगा बिघडून पाच मिनिटं वाजत राहिला. वेळ अशीच दुपारची. मामा झोपेतून उठले, सदरा घातला, टोपी घातली, ओट्यावरचा रिकामा डबा उचलला, अडवायला आलेल्या अक्काला ढकललं आणि चालायला लागले. तासाभरानं आम्हाला ते गिरणीच्या बंद फाटकाशी सापडले, भर उन्हात, अनवाणी. पायांना फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास असता तर मी वेगळं काही सांगत असतो.

त्यानंतर ह्यांनी दाराला बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. फक्त दुपारचं, फक्त आम्ही कामावर असताना. तिसऱ्या दिवशी मी लवकर आले, कुलूप काढलं, तर मामा दाराला लागून बसलेले. सदरा-टोपी घालून, डबा मांडीवर. मला म्हणाले, "पोरी, मी काय चोरी केली का गं?"

मी ते कुलूप उचलून कपाटात टाकलं आणि ह्यांना सांगितलं, पुन्हा लागणार नाही. दुपारी अक्का लक्ष ठेवायला लागली, तिच्या ओट्यावरून आमचं दार सरळ दिसतं. वर्षभर निभावलं. आणि आता सरकारच भोंगा वाजवणार होतं. नेमका चार वाजता, मामांच्या उठायच्या वेळेला.

आदल्या रात्री जेवताना ह्यांनी विषय काढला. "उद्या माझी दुसरी पाळी आहे, सुट्टी मिळणार नाही. दुपारी कुलूप लाव."

"नाही."

"मग?"

"मी घरात आहे. मी सांभाळते."

"आण्णा निघाले की तुला ऐकतात का? मागच्या वेळी अक्काला ढकलून गेले होते."

"ऐकतील."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. "हे बघ, उद्या तुला जमलं तर जमलं. नाही जमलं तर परवापासून कुलूप. मला कारखान्यात मशीनसमोर उभं राहून हा विचार करत बसता येत नाही. एखाद दिवशी हात जाईल माझा."

ह्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून मी भांडले नाही. फक्त फ्रिजवरच्या यादीखाली एकोणिसावी सूचना लिहिली: 'मामा, कुलूप न लावता.'

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मोर्चेबांधणी केली. माझा डाव साधा होता. खरं सांगायचं, आणि सारखं सांगायचं. चहा देताना सांगितलं, "मामा, आज चारला भोंगा होणार आहे. तो गिरणीचा नाही. लढाईचा सराव आहे."

"बरं."

आंघोळीला पाणी काढताना सांगितलं. जेवताना सांगितलं. पाचव्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली केला. "अगं, मला काय याड लागलंय का? एकदा सांगितलं, कळलं की. भोंगा हुनार, गिरणीचा न्हाय."

"म्हणजे तुम्ही उठून जाणार नाही ना?"

"कुटं जाऊ? गिरणी बंद हाय."

मी खूश. मग सहज विचारलं, "मामा, एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही काय करत होता?"

"काचा काळ्या केल्या हुत्या गिरणीच्या," ते म्हणाले. "छपराच्या. आत दिवसा बी अंधार. लढाई पंधरवड्यात मिटली, काचा पुसायला वर्स गेलं." आणि परत पेपरात गेले.

दुपारी ते झोपले. मी बैठकीच्या खोलीत दारासमोरच खुर्ची टाकून बसले. 'आपत्कालीन' पिशवी दारामागच्या खिळ्याला. मामांच्या चपला मी कोठीच्या खोलीत लपवून ठेवल्या होत्या. या डावपेचाबद्दल मला अजून लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंच आहे तर लिहिते. गॅस बंद केला. खिडक्यांच्या चादरी खाली सोडल्या. घरात अंधार आणि अशी वाफ की माझ्या चष्म्यावर धुकं आलं. कानात घालायचा कापूसही घेतला होता, पण तो घातला तर मामांची चाहूल लागणार नाही म्हणून मुठीत धरून बसले. मुठीतच तो भिजला.

पावणेचारला मामा उठले. आतल्या खोलीतून खाकरले. मी ताठ.

चारला भोंगा झाला. वर चढायचा, खाली उतरायचा, पुन्हा चढायचा. मामा दारात आले. सदरा घातलेला, टोपी घातलेली. मी उठून दारासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले, कबड्डीतल्यासारखी.

मामांनी माझ्याकडे असं बघितलं जसं नव्या कामगाराकडे बघतात. "हात का पसरलेस?"

"मामा, हा गिरणीचा नाही..."

"ठाव हाय की! त्यो असा नाचत न्हाय. हा लढाईचा. आन तू दारात काय करतीस? दारात हुबं ऱ्हायचं न्हाय. भितीला लाग. आतल्या."

मामांनी माझं मनगट धरलं आणि मला आतल्या भिंतीशी बसवलं, गुडघे पोटाशी, डोकं खाली. मग दार उघडून ओरडले, "अक्का! सूप ठेव आन ये हिकडं! लवकर!" अक्का विड्यांचं सूप छातीशी धरून धावत आली. ते ठेवायला ती तयार नव्हती. मामांनी दार लावलं, तिला माझ्या शेजारी बसवलं आणि आमच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं, कानडीत. "ओंदु. एरडु." मग स्वतःच्या छातीवर हात. "मूरु. झालं. मुकादम नसंल तर ज्यानं मोजलं त्यो मुकादम. सरळ भोंगा होईस्तवर कुनी हलायचं न्हाय."

अक्का माझ्या कानात म्हणाली, "वैनी, तुमची यादी कशाला पायजेल होती? हेच होते की घरात."

आठवडाभर मी ज्याला धोका समजत होते, तो माणूस आमच्या गल्लीत एकटाच तयारीचा निघाला. भोंगा थांबला. बाहेर चिडीचूप. यंत्रमागसुद्धा बंद, आणि ती खटखट थांबली की सोलापूर बहिरं झाल्यासारखं वाटतं. दहा मिनिटं आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. मामांचा चेहरा मी अंधारात पाहिला. शांत होता, कामावरच्या माणसाचा असतो तसा. मी ह्यांना मेसेज केला: 'जमलं.' पुढे दंड फुगवलेल्या हाताचं चित्रही टाकलं. टाकायला नको होतं.

कारण त्याच मिनिटाला मागच्या बाजूला मोरीतल्या नळानं खोकून हवा सोडली.

अक्काचे कान माझ्यापेक्षा तिखट. "वैनी! नळ! नळ आलं बगा!"

पाचवा दिवस होता. आमच्याकडे पाणी आल्यावर माणूस जे करतो त्याला विचार म्हणत नाहीत. अक्का सूप तिथेच टाकून मागच्या दारानं तिच्या घराकडे धावली. मी मोरीत धावले, मोटर लावली, पाइप हौदात सोडला, बॅरल ओढलं, घागरी लावल्या. 'सरळ भोंगा होईपर्यंत घराबाहेर पडू नये' ही सातवी सूचना मी स्वतःच्या अक्षरात फ्रिजवर लिहिली होती. सगळ्या गल्लीच्या मागच्या अंगणांत बायका होत्या. शत्रूचं विमान खरंच आलं असतं तर त्याला खाली नुसत्या घागरी दिसल्या असत्या.

मोटरच्या आवाजात मला सरळ भोंगा आधी नीट ऐकूच आला नाही. ऐकू आला तेव्हा बरं वाटलं. चला, धोका टळला. लांब, एकसूर, सरळ भोंगा. मी दुसरी घागर लावली. आणि घागर अर्धी भरली तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गिरणीचा भोंगा सरळ असायचा.

मी आत आले. पुढचं दार सताड उघडं. कोठीच्या खोलीत चपला नव्हत्या, म्हणजे त्या माणसानं त्या शोधून काढल्या होत्या. ओट्यावरचा डबा नव्हता.

त्या क्षणाला मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल तर ह्यांना पाठवलेला तो फुगवलेला दंड. मोटर चालूच राहिली. दारामागची पिशवी मी का ओढली कुणास ठाऊक, हाताला लागली म्हणून. रस्त्यावर आले तेव्हा लोक दारांतून बाहेर येत होते, हसत, एकमेकांना विचारत, "संपलं का?" अक्का तिच्या दारातून ओरडली, "काय झालं?" मी म्हटलं, "मामा!" तिनं हातातली घागर खाली टाकली. सोलापुरात पाण्यानं भरलेली घागर कुणी टाकत नाही. "मी मोटर बंद करते, तुम्ही पळा!" म्हणाली.

मी पळाले. माझं पळणं वर्णन करण्यासारखं नाही. तिशीनंतर मी एकदाच पळाले होते, पाण्याच्या टँकरमागे. डांबर चपलेला चिकटत होतं. वाटेत ह्यांना फोन लावला आणि सांगितलं, "गेले. गिरणीकडे." पलीकडून फक्त मशीनचा आवाज आला, आणि मग तोही बंद. मनात मी एकच वाक्य घोकत होते, आज फोड येऊ देणार नाही. आज काही होऊ देणार नाही. देवाला म्हणत होते का स्वतःला, माहीत नाही. हुकूम दिल्यासारखं म्हणत होते एवढं खरं.

गिरणीच्या फाटकासमोर एक कडुलिंब आहे. लांबूनच मला टोपी दिसली. मामा उभे होते. जवळ गेले तर टोप्या दोन होत्या. आणि तिसरे एक काठी टेकून, कानात मशीन लावलेले. तिघं म्हातारे कडुलिंबाखाली सावलीत उभे राहून गप्पा मारत होते, पाळी बदलायच्या आधी मारतात तशा.

मामांनी मला पाहिलं. "आलीस? ह्यो बघ, माझ्या साचेखात्यातला. आन ह्यो सूतखात्यातला, ह्याला कवाच काय ऐकू यायचं न्हाय."

"आज आलं," मशीनवाले म्हणाले. "मशीन काढून ठेवलं हुतं. तरी आलं."

"पोरांनी सोडलं कसं तुमाला?" मामांनी विचारलं.

"सोडतंय कोन! नळ आला. सगळी मागल्या दारी पळाली. म्या फुडनं निघालो," टोपीवाले म्हणाले.

मी तिथेच पारावर बसले. आत्ता हसले असते, पण हसण्याइतका श्वास नव्हता. तिघांच्या पायांत चपला होत्या. डोक्यावर सावली होती. मी पिशवीतून बाटली काढली, मीठ-साखरेची पुडी सोडली, तिघांना पाणी दिलं. मग कडक भाकरी काढली. तिघांनी ती हातावर मोडली, वर चटणी घेतली. पिशवीवरचं 'आपत्कालीन' वाचून टोपीवाले म्हणाले, "ह्ये काय लिवलंय?" मामा म्हणाले, "सून हाय माझी. ती लिवत असती."

खाता खाता मामा फाटकाकडे बघत होते. साखळीवर गंज, कुलपावर गंज, आणि फाटकाच्या सळ्यांतून बाहेर आलेलं एक पिंपळाचं रोप. मी बाटलीचं झाकण लावलं. सकाळपासून पाच वेळा बोलून झालं होतं.

"बंद हाय की गं," मामा म्हणाले.

"व्हय, मामा."

"लई दिस झाले?"

"लई वर्सं."

मामांनी भाकरीचा तुकडा चावून गिळला. बाकीचे दोघंही चावायचे थांबले होते. "मग भोंगा कुनी दिला?"

"सरकारनं. आपण तयार आहोत का बघायला."

"आन? हाय का?"

तेवढ्यात ह्यांची मोटरसायकल आली. कारखान्याचा गणवेश तसाच, डोक्यावर हेल्मेट, चेहरा पांढरा पडलेला. उतरून सरळ मामांच्या पायांकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. मग माझ्याकडे. माझ्याकडे बघितलं ते मला कळलं. उद्यापासून कुलूप.

पण बोलायला आधी मामांनी सुरुवात केली. "तू कुठल्या पाळीला हैस?"

"दुसरी, आण्णा."

"दुसरी? मग हितं काय करतूस?"

"अहो, तुम्ही..."

"पाळी सोडून आलास?" मामांचा आवाज चढला. "मशीनवर बदली दिलीस का कुणाला?"

ह्यांनी हेल्मेट काढलं. पन्नाशीचा माणूस, मान खाली. "शेजारच्याला सांगून आलोय."

"सांगून? सांगून आन बदली देऊन येगळं असतं. म्या चाळीस वर्सांत एक दिस साचा उघडा टाकला न्हाय. भोंगा झाला की मानसानं आपल्या जागंवर असावं. तू असलास का?" टोपीवाले मान डोलवत होते. मशीनवाल्यांनी ऐकू यावं म्हणून मशीनचा आवाज वाढवला होता.

हे पारावर माझ्या शेजारी बसले, पिशवीतून कडक भाकरीचा तुकडा घेतला आणि मोडला. बराच वेळ चावत होते. कडक भाकरीची ही सोय आहे, ती तोंडात असेपर्यंत माणसाला बोलावं लागत नाही.

परत येताना मामा मोटरसायकलवर बसायला तयार होईनात, म्हणून आम्ही चालत आलो. हे गाडी ढकलत, मी पिशवी घेऊन, मामा मध्ये. आधी त्या दोघांना त्यांच्या त्यांच्या घरी सोडलं. दोन्ही घरांत पुढची दारं उघडी होती आणि मागून पाण्याचा आवाज येत होता. कुणाला काही कळलंच नव्हतं. एका सुनेनं ओल्या हातांनी दारात येऊन विचारलं, "हे तुमच्याकडे कसे?" मी तिला म्हटलं, "आत चल, तुला एक यादी सांगते."

रात्री आठला दिवे गेले. चादरी माझ्याच होत्या, त्यामुळे अंधार अगदी सूचनेप्रमाणे पडला. अक्का आमच्याकडेच येऊन बसली होती. अंधारात पानांची कुरकुर ऐकू येत होती, ती विड्या वळतच होती. हे घामानं निथळत म्हणाले, "मी उद्या सायबाला भेटतो. दुपारी एखादी बाई ठेवता येईल का बघू. मिळेपर्यंत मी पहिली पाळी मागून घेतो."

"आणि कुलूप?"

"ते बघू," म्हणाले. हे 'बघू' मला पंचवीस वर्षं माहीत आहे. त्याचा अर्थ हरलो असा होतो. पण मीही जिंकले नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मामा घराबाहेर गेले होते आणि मी घागर भरत होते. माझ्या जागेवर मी नव्हते. बदलीसुद्धा दिली नव्हती.

दिवे आल्यावर मी फ्रिजवरची यादी काढली आणि नवी केली. सूचना दोनच. वर-खाली भोंगा झाला तर मामा सांगतील तसं करायचं. सरळ भोंगा झाला तर नळ वाहू द्यायचा, चपला घालायच्या, पिशवी घ्यायची आणि मामांबरोबर निघायचं. अडवायचं नाही. सावलीनं जायचं. अक्काला दोन्ही वाचून दाखवल्या, तिला दुसरी जड गेली. "नळ वाहू द्यायचा?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बरं. मी भरते तुमचं. तुम्ही जावा."

पिशवी दारामागच्या खिळ्यालाच आहे. महिन्याला भाकऱ्या बदलते. पहिल्या महिन्यात बदलायला काढल्या तर निम्म्या आधीच संपलेल्या, आणि मामा चटणीचं बोट चाटत पेपर वाचत होते. सकाळच्या वेळी, डोकं साफ असताना, ते कधी कधी पिशवीचा बंद ओढून बघतात, टॉर्च लावून बघतात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, "हाय का तयार?"

"व्हय, मामा," मी आतून म्हणते.

कुलूप हौदाच्या झाकणाला लावलं आहे. किल्ली अक्काकडे असते.